फोटो शार्प करणारं एआय सॉफ्टवेअर घ्यावं का? नऊ महिने वापरल्यावर

खंड्या पक्ष्याच्या एका फोटोसाठी मी हे सॉफ्टवेअर घेतलं. ते कुठे वापरायचं नाही, हे मात्र आजीच्या एका फोटोने शिकवलं. घेण्याआधी मी बरेच रिव्ह्यू वाचले होते. सगळीकडे डावीकडे धूसर आणि उजवीकडे लख्ख अशी जोडचित्रं होती. ती पाहून घ्यावंसं वाटतं, पण आपल्या फोटोंना त्याची गरज आहे का, हे त्यातून कळत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे. सॉफ्टवेअरचं नाव मुद्दाम देत नाही. चाचणीच्या मुदतीत मी अशी तीन सॉफ्टवेअर वापरून पाहिली आणि त्यांचे गुण-दोष जवळपास सारखेच निघाले.

आधी खंड्या. ४०० मिमी लेन्स, कॅमेरा हातात, शटर १/२५० सेकंद. पाण्यात सूर मारण्याच्या अगदी आधीचा क्षण, मान खाली, अंग ताणलेलं. घरी येऊन १०० टक्के झूम केलं तेव्हा हात हलल्याचं दिसलं. डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका ठिपका राहिलाच नव्हता, त्याची सहा-सात पिक्सेलची आडवी रेघ झाली होती.

ही रेघ महत्त्वाची आहे. कुठल्याही सॉफ्ट आलेल्या फोटोत आधी असा एखादा प्रकाशाचा ठिपका शोधा: डोळ्यातला, पानावरच्या थेंबातला, धातूवरचा. त्याची रेघ झाली असेल तर कॅमेरा किंवा विषय हललाय. त्याची गोल चकती झाली असेल तर फोकस चुकलाय. ठिपका ठिपक्यासारखाच असेल आणि तरी फोटो मऊ वाटत असेल, तर बहुतेक वेळा नॉईज (कमी प्रकाशातल्या फोटोत येणारे दाणे) काढताना बारकावे पुसले गेलेले असतात. या सॉफ्टवेअरमध्ये हलण्यासाठी, फोकस चुकण्यासाठी आणि साध्या मऊपणासाठी वेगवेगळी मॉडेल्स असतात. आजार ओळखला नाही तर औषध चुकतं. हललेल्या फोटोला मी फोकसचं मॉडेल लावलं तेव्हा मागच्या पानांवर किडे वळवळल्यासारखी नक्षी उमटली. 'ऑटो' वर ठेवलं की सॉफ्टवेअर स्वतःच निवड करतं, आणि माझ्या अनुभवात ते दर वेळी जरा जास्तच जोर लावतं.

खंड्याला योग्य मॉडेल लावल्यावर रेघेचा पुन्हा ठिपका झाला. चोचीची कड सरळ झाली, डोक्यावरचे निळे ठिपके सुटे दिसायला लागले. मला खरंच भरून आलं, कारण तो क्षण परत मिळणार नव्हता. त्याच संध्याकाळी मी सॉफ्टवेअर विकत घेतलं.

पुढची गोष्ट तीन आठवड्यांनी कळली. जुने फोटो आवरताना त्याच बर्स्टमधली (एका दमात सलग काढलेल्या फोटोंमधली) आणखी एक फ्रेम हाताला लागली. तिच्यात अंग अर्धं कापलं गेलं होतं म्हणून मी ती बाजूला टाकली होती, पण डोकं जवळपास त्याच कोनात होतं आणि मुळातच शार्प होतं. दोन्ही फोटो शेजारी लावले आणि डोक्यावरचे ठिपके मोजायला बसले. डोळ्याच्या वरच्या ओळीत खऱ्या पक्ष्याला नऊ ठिपके होते, सॉफ्टवेअरने सात दिले होते, तेही एकसारख्या अंतरावर. खंड्याचं डोकं साधारण असं असतं हे त्याला माहीत होतं. या खंड्याचं डोकं कसं होतं, हे त्याला माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

इथे हे चालतं कसं, ते थोडक्यात सांगायला हवं. जुनी पद्धत म्हणजे अनशार्प मास्क, आणि ती फिल्मच्या डार्करूममधून आली आहे. निगेटिव्हची मुद्दाम धूसर केलेली पॉझिटिव्ह प्रत तिच्यावर ठेवून प्रिंट काढायचे, त्याने कडांचा कॉन्ट्रास्ट वाढायचा. आजचे साधे शार्पनिंगचे स्लायडरही मुळात हेच करतात. फोटोत नवं काही येत नाही, आहे ते उठून दिसतं. दुसरी पद्धत डीकॉन्व्होल्यूशनची. फोटो कसा धूसर झाला याचा नमुना माहीत असेल, तर गणिताने तो बराचसा उलटा फिरवता येतो. हबल दुर्बीण १९९० साली अवकाशात गेली तेव्हा तिच्या आरशाची कड साधारण दोन मायक्रॉननी जास्त सपाट घासली गेल्याचं लक्षात आलं. १९९३ च्या डिसेंबरमध्ये दुरुस्ती होईपर्यंत शास्त्रज्ञांनी याच पद्धतीने तिच्या फोटोंतून पुष्कळ काही वाचवलं. त्यांना तारा हा एक बिंदू आहे आणि तो किती पसरलाय, हे दोन्ही ठाऊक होतं.

आपल्या फोटोत तसं काही ठाऊक नसतं. एआय तिथे अनुभवाने काम करतं. शार्प फोटो आणि त्यांच्याच मुद्दाम धूसर केलेल्या प्रती अशा असंख्य जोड्या पाहून ते शिकलेलं असतं, आणि अशा धूसर डागाच्या जागी सहसा काय असतं ते भरतं. खंड्याच्या पिसाऱ्यात हा अंदाज मला चालतो. फोटो पक्ष्याच्या झेपेचा आहे, ठिपक्यांचा नाही. पक्ष्याची ओळख पटवण्यासाठी किंवा नोंदीसाठी तोच फोटो द्यायचा झाला, तर मी मूळ फाइलच देईन.

आजीच्या बाबतीत मात्र हे चाललं नाही. खिडकीशी बसलेली आजी, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ६४००, फोकस डोळ्याऐवजी कानावर गेलेला. ती गेली त्याच्या आधीच्या महिन्यातला फोटो, आणि हसरा असा तोच एक. सॉफ्टवेअरने चेहरा ओळखून 'फेस रिकव्हरी' आपणहून चालू केली. निकाल पाहिला तेव्हा पहिल्यांदा छान वाटलं. आईला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हे डोळे कुणाचे लावलेस गं तिला?"

मग मी नीट पाहिलं. म्हातारपणी आजीच्या बुबुळांभोवती फिकट राखाडी कडं आलं होतं. ते पुसून सॉफ्टवेअरने गडद, रेखीव कड काढली होती. पापण्या विरळ होत्या, त्या दाट आणि लांब झाल्या होत्या. डाव्या डोळ्याखालची एक खोल सुरकुती, जी आम्ही सगळे ओळखतो, ती दोन बारीक सुरकुत्यांत वाटली गेली होती. एकेक बदल किरकोळ, पण चेहरा परका. त्या दिवशी मी चेहऱ्याचा पर्याय बंद केला, तो आजपर्यंत बंदच आहे. त्या फोटोत चेहऱ्यावर मास्क घालून तो भाग वगळला, फक्त शालीच्या विणीवर आणि केसांवर हलकं शार्पनिंग ठेवलं. पुढे तेही काढून टाकलं, कारण मऊ चेहऱ्याभोवती लख्ख शाल विचित्र दिसत होती. शेवटी मूळ फोटो, थोडं फिल्मसारखं ग्रेन आणि लहान आकाराचा प्रिंट. आईने तोच ठेवून घेतला.

अक्षरांचंही तसंच. दूरची पाटी, पुस्तकाचं पान, गाडीचा क्रमांक धूसर असेल तर सॉफ्टवेअर अक्षरासारखं दिसणारं काहीतरी तयार करतं. देवनागरीत हे फार जाणवतं. एका पाटीवरच्या वेलांट्या शिरोरेघेत मिसळून नवीनच लिपी झाली होती. जिथे 'काय लिहिलंय' याला महत्त्व आहे, तिथे हे वापरूच नका. स्पर्धेत फोटो पाठवणाऱ्यांनी तर नियम आधी वाचावेत. वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्रांच्या स्पर्धेच्या नियमांत, नवी माहिती घालून फोटो मोठा किंवा शार्प करणारी एआय साधनं चालत नाहीत. खंड्याचे ठिपके मोजल्यापासून त्यामागचं कारण मला पटलंय.

आता रोजच्या वापराबद्दल. फोटो लाइटरूममधून (अ‍ॅडोबीचं फोटो सुधारण्याचं सॉफ्टवेअर) पाठवत असाल तर आधी तिथलं शार्पनिंग शून्यावर आणा. रॉ फाइलला (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलला) ते मुळातच ४० लावलेलं असतं. तसंच राहिलं तर एआय त्या कडांनाच खरी कड समजून आणखी धार देतं आणि फांद्यांभोवती पांढऱ्या रेघा येतात. हे कळायला मला दोन महिने लागले, तेवढ्या काळातले फोटो पुन्हा करावे लागले. दुसरं म्हणजे फाइलचं वजन. २४ मेगापिक्सेलचा फोटो १६ बिट टिफ (दर्जा न घटवणारा, जड फाइल प्रकार) म्हणून बाहेर काढला की साधारण १४४ एमबी होतो. शंभर फोटो केले की डिस्क भरलीच म्हणून समजा. वेळेचं म्हणाल, तर चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेल्या कंप्युटरवर एका फोटोला अर्धा मिनिट, माझ्या जुन्या लॅपटॉपवर पाच-सहा मिनिटं आणि पंख्याचा घरघराट.

माझ्या सगळ्यात उपयोगी पडलेली सवय म्हणजे शार्प केलेली प्रत मूळ फोटोवर लेयर म्हणून ठेवायची आणि तिची अपारदर्शकता ५०-६० टक्क्यांवर आणायची. मग ब्रशने पार्श्वभूमीवरून ती पुसून टाकायची. मागचं धूसर रान धूसरच राहू दे, त्याला धार आली की फोटोतली खोली जाते.

एक तक्रार मात्र आहे. मध्येच एक अपडेट आलं आणि मॉडेल बदललं. तोच फोटो, तेच आकडे, पण निकाल वेगळा. आधीच्या मॉडेलकडे परत जायची सोय नव्हती. तेव्हापासून काम झालं की मी लगेच अंतिम फाइल काढून ठेवते. नंतर करू म्हणून सेटिंग जपून ठेवण्याला अर्थ नाही.

तर घ्यावं का? पैसे मोजण्याआधी एक प्रयोग करा. तुमचे सॉफ्ट वाटणारे वीस फोटो काढा आणि जिथे ते शेवटी दिसणार आहेत त्याच आकाराला आणा. ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो २००० पिक्सेलला आणला की नऊ पिक्सेलचा एक होतो, आणि खंड्यासारखी सहा पिक्सेलची रेघ दोन पिक्सेलवर येते. माझ्या वीसपैकी तेरा फोटो नुसते लहान केल्यावरच ठीक दिसले. उरलेल्यांपैकी तिघांचं काम रॉथेरपी या रॉ फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या कॅप्चर शार्पनिंगने भागलं. ते मोफत आहे, डीकॉन्व्होल्यूशनवर चालतं आणि ५.८ या आवृत्तीपासून त्यात आहे. राहिले चार. दूरचे पक्षी, प्राणी, खेळ असे परत न मिळणारे क्षण टिपत असाल आणि ते मोठे प्रिंट करत असाल, तर अशा चारांसाठी हे सॉफ्टवेअर खरंच मोलाचं आहे. मुख्यतः माणसांचे चेहरे काढत असाल किंवा फोटो फोनच्या स्क्रीनवरच पाहिले जाणार असतील, तर मी घ्या म्हणणार नाही. आणि फोकस पूर्ण गेलेला फोटो कुणीच परत आणत नाही. थोडं चुकलेलं सावरतं, तेवढंच.

नऊ महिन्यांत मी ठेवलेल्या सुमारे चौदाशे फोटोंपैकी ८३ या सॉफ्टवेअरमधून गेले आणि त्यातले ३१ अंतिम म्हणून राहिले. त्या ३१ मध्ये चेहरा एकही नाही. पहिल्या तीन महिन्यांत मी दर आठवड्याला काही फोटो त्यात घालत होते, आता महिन्याला दोन-तीन. कारण ४०० मिमीला मी आता शटर १/१००० सेकंदापेक्षा मंद ठेवत नाही, आयएसओ वाढला तर वाढू देते. नॉईज काढताना पक्ष्याच्या डोक्यावरचे ठिपके बदलत नाहीत ना, हेही आता शेजारच्या फ्रेमशी ताडून बघते. पुढच्या महिन्यात अपडेटची मुदत संपते आहे. ती वाढवणार नाही. हाताशी आहे ती आवृत्ती चालू राहील, त्या महिन्याच्या दोन-तीन फोटोंना ती पुरेशी आहे.