ओढ्याकाठची मातीकामाची कार्यशाळा : एका शिक्षिकेचा अभिप्राय

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आमच्या मराठी शाळेच्या मागून एक ओढा वाहतो आणि दोन गावे ओलांडून मलप्रभेला मिळतो. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि सुमारे ३०० किलोमीटर वाहत जाऊन कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते, हे सातवीच्या मुलांना पाठ होते. मात्र आपल्या शाळेमागचे पाणी त्याच वाटेने कृष्णेपर्यंत जाते, हे त्यांच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलेले नव्हते. म्हणूनच दोन चित्रकला शिक्षकांनी चालवलेली ओढ्याकाठची एक दिवसाची कार्यशाळा आम्ही जानेवारीत ४१ मुलांसाठी घेतली. इतर शाळांना ठरवताना उपयोग व्हावा, यासाठी तिचा अनुभव येथे सविस्तर मांडत आहे.

कार्यशाळेचा सर्वांत मोलाचा भाग मातीचा होता. खानापूरची माती आणि कुंभारकाम यांचे नाते जुने आहे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही याच गावात आहे. तरीही आमच्या मुलांनी चाकावर चढणारी माती कधी हातात घेतलेली नव्हती. सोबत आलेल्या कुंभारमामांनी मुलांना आधी ओढ्याच्या वळणावर उभे केले आणि कोणत्या काठाला काय सापडते ते स्वतः उकरून पाहायला सांगितले. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, जिथे पाण्याचा जोर असतो, तिथे काठ खरवडलेला आणि तळाशी गोटे होते. आतल्या अंगाला वाळू साचली होती. आणि पावसाळ्यात पाणी पसरून संथ होते त्या सखल जागेत चिकण माती मिळाली. जोराचे पाणी जड तेवढेच टाकते आणि बारीक कण पुढे नेते, हा भूगोलाचा धडा मी दरवर्षी फळ्यावर शिकवते, पण इतक्या थोड्या वेळात तो मुलांना कधी उमगलेला मी पाहिला नव्हता. मामांनी मातीची वळी करून ती बोटाभोवती गुंडाळायला लावली. वळी तडकली तर मातीत वाळू जास्त, न तडकता वळली तर ती भांड्याच्या कामाची, ही परीक्षा मुलांनी दिवसभर केली आणि आता ती घराघरांतल्या अंगणातही चालू आहे.

दुपारी त्याच मातीतून ओढ्याचा उठावाचा नकाशा तयार झाला. जांभ्या दगडाच्या भुकटीचा तांबडा, चुन्याचा पांढरा, कोळशाचा काळा आणि हळदीचा पिवळा एवढेच रंग वापरले होते. नकाशावर नावे घालताना मराठीत ओढा आणि कन्नडमध्ये हळ्ळ असे दोन्ही शब्द मुलांनी आपणहून लिहिले. आमच्या भागात ते स्वाभाविकच आहे. कोंड, पाणवठा, धुण्याचा दगड, म्हशी डुंबण्याची जागा, हे सारे त्यांनी जागच्या जागी दाखवले.

गवळीवाड्यावरील एक आजीही आल्या होत्या. पिण्याचे पाणी वरच्या अंगाला, त्याच्या खाली गुरे आणि सर्वांत खाली धुणे, ही ओढ्यावरची जुनी वहिवाट त्यांनी सांगितली. मृगाच्या पहिल्या पाण्यात चढणीचे मासे अंडी घालायला भातखाचरांकडे वर चढतात, तेव्हा बांधाला त्यांच्यासाठी वाट मोकळी ठेवावी आणि सगळेच मासे धरू नयेत, हेही त्यांनी बजावले. गढूळ पाणी निवळण्यासाठी निवळीचे बी घागरीच्या आतून घासायची रीत त्यांनी करून दाखवली, तेव्हा सारा वर्ग घागरीभोवती जमला होता. एवढे ज्ञान असलेल्या आजींना आयोजकांनी जेमतेम पंधरा मिनिटे दिली. कुंभारमामांना मानधन होते आणि आजींची बोळवण शाल व श्रीफळ देऊन झाली, हे मला अजिबात पटले नाही. ज्यांच्या आठवणीवर कार्यशाळा उभी आहे, त्या दोघांनाही सारखेच मानधन मिळाले पाहिजे.

दुसरी उणीव शास्त्राची आहे. हळदीत बुडवून वाळवलेला कागद साबणाच्या फेसात लाल होतो, हा प्रयोग धुण्याच्या दगडापाशी छान झाला. त्यानंतर थोडे खाली वाहत्या पाण्यात कागद पिवळाच राहिला, तेव्हा एका प्रशिक्षकांनी ‘पाणी स्वच्छ आहे’ असे सांगून टाकले. हळदीचा कागद केवळ पाण्याचा अल्कलीपणा, तोही पुरेसा तीव्र असेल तरच, दाखवतो. शेतातून येणारे खत, सांडपाणी किंवा रोगजंतू त्याने कळत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी वर्गात ही दुरुस्ती केली, परंतु ओढ्याचे पाणी ओंजळीने पिणाऱ्या मुलांसमोर असे विधान होणे धोक्याचे आहे आणि ते आयोजकांनी तातडीने सुधारावे.

शुल्क प्रत्येक मुलामागे १५० रुपये होते. साहित्याचा विचार करता ते रास्त आहे, मात्र आमच्यासारख्या शाळेला ग्रामस्थांची मदत घ्यावी लागली. बसची गरज नसल्याने तेवढा खर्च वाचला. पाण्यात उतरताना मुलांच्या दोन तुकड्या करून प्रत्येकीसोबत मोठी माणसे ठेवली होती, ही व्यवस्था मला चोख वाटली.

बेळगाव, चंदगड किंवा निपाणीकडच्या ज्या शाळांजवळ वाहता ओढा आहे, त्यांनी ही कार्यशाळा जरूर घ्यावी, पण ठरवतानाच दोन भेटी मागून घ्याव्यात: एक हिवाळ्यात मातीसाठी आणि दुसरी पावसाच्या सुरुवातीला, पूर नसताना, काठावरूनच मासे पाहण्यासाठी. आम्ही जूनची भेट मागितली आहे आणि त्या दिवशीची संपूर्ण सकाळ आजींसाठी राखून ठेवण्याची अट लेखी घातली आहे.