लेकीच्या चित्रांसाठी फ्रेम, दोरी आणि पोथी : नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनमध्ये लेक पहिलीत गेली तेव्हा तिच्या चित्रांची नीट सोय लावायची असं ठरवलं. फ्रिजचं दार भरलं होतं, दिवाणात दोन पिशव्या कोंबलेल्या होत्या, आणि रद्दीबरोबर तिचं एक चित्र चुकून गेलं म्हणून ती संध्याकाळभर रडली होती. आता मार्च आलाय. मधे ठाण्याचा अख्खा पावसाळा काढून झालाय, त्यामुळे काय टिकलं आणि काय नाही ते सांगता येईल.

सगळ्यात आधी घेतली ती समोरून उघडणारी फ्रेम. कपाटाच्या दारासारखी बिजागरीवर उघडते, वर चित्र लावायचं आणि जुनी मागच्या कप्प्यात सरकवायची. पन्नास कागद मावतात असं लिहिलं होतं. कोरे कागद मावत असतील. आमच्याकडे ऑइल पेस्टलचे जाड थर, त्यावर चिकटवलेली मसूरडाळ. पंचविशीच्या पुढे दाराचं चुंबक धरतच नाही. घेण्याआधी चित्रकलेची वही मोजा. आमची ए-४, म्हणजे २१ बाय २९.७ सेंमी, म्हणून जमलं.

तरी सगळ्यात जीव लागला तो या फ्रेमवर. सुरुवातीला ती आम्हा मोठ्यांच्या नजरेच्या उंचीवर ठोकली होती आणि दोन महिने एकच गणपती लटकत राहिला. सप्टेंबरात खाली, तिच्या हाताला येईल अशी लावली. त्या दिवसापासून दर रविवारी चित्र बदलतं, आणि कुठलं लावायचं ते तीच ठरवते. एकदा तिने नुसत्या निळ्या रेघांचा कागद लावला. मी विचारलं, हे काय गं? म्हणाली, "पाऊस आहे. वारा आहे ना, म्हणून आडवा पडतोय." मी निवडलं असतं तर तो कागद कधीच भिंतीवर आला नसता.

दुसरी सोय दोरीची. दोन मीटर सुतळी, लाकडी चिमटे, खर्च जवळजवळ नाही. ओलं वॉटरकलर वाळवायला उत्तम. पण मी ती पश्चिमेच्या खिडकीसमोर बांधली ही चूक झाली. दिवाळीपर्यंत स्केचपेनचा गुलाबी पार उडाला, जांभळा राखाडी पडला. शेजारच्याच पेस्टलच्या चित्राला काही झालं नाही. स्केचपेनची शाई उन्हात तग धरत नाही. अशी चित्रं थेट ऊन येणार नाही तिथेच लावा. आमची दोरी आता पॅसेजमध्ये आहे.

प्लॅस्टिकच्या कप्प्यांची फाइल मात्र घेऊ नका, निदान आपल्या दमट हवेत आणि पेस्टलसाठी तरी. ऑगस्टमध्ये उघडली तर रंग प्लॅस्टिकला चिकटलेला, ओढून काढताना मोराची अर्धी मान गेली. अकरा चित्रांवर बुरशीचे ठिपके होते. लॅमिनेशनही एकदा करून पाहिलं. उष्णतेने पेस्टल वितळून पसरला.

मग दिवाळीत कुडाळला गेलो आणि जवळच्या पिंगुळीला चित्रकथी पाहिली. तिथले ठाकर कलावंत एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातल्या कथा गातात. परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. एका कथेच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे पोथी. माझ्या डोक्यात तोच शब्द राहिला.

घरी येऊन दोन जाड पुठ्ठे कापले, चित्रांपेक्षा बोटभर मोठे. प्रत्येक चित्रावर बटर पेपर, सगळं धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून नाडीने बांधलं. वर्तमानपत्र वापरलं नाही, तो कागद लवकर पिवळा पडतो. प्रत्येक चित्राच्या मागे पेन्सिलीने तारीख आणि ती तेव्हा काय बोलली ते लिहिते. पेनाची शाई पुढे उमटू शकते. पोथी लोखंडी कपाटात वरच्या फळीवर ठेवलीय, कपाट भिंतीपासून थोडं सुटं. चार महिन्यांत डाग नाही, कसर नाही. पण या पोथीने अजून पावसाळा पाहिलेला नाही, हेही लक्षात घ्या.

खोक्यांचे किल्ले, मातीचे बैल यांचा खिडकीपाशी, फ्लॅश न वापरता फोटो काढतो आणि मग तिला विचारूनच निरोप देतो. "नाही" म्हणाली तर तो किल्ला आणखी महिनाभर राहतो.

मागच्या आठवड्यात माझी आई साताऱ्याहून आली होती. लेकीने स्वतः पोथी उतरवून मागितली, जमिनीवर चादर घातली, नाडी सोडली आणि एकेक चित्र उभं धरून आजीला सांगत बसली. मागे मी लिहिलेलं तिला वाचता येतं आता. बुरशीच्या ठिपक्यांचं एक चित्र आलं तेव्हा थांबली, त्यावरून हलकेच बोट फिरवलं आणि म्हणाली, "आजी, हे ठिपके मी नाही काढलेले. हे पावसाने काढलेत."