बिछान्याखाली कुठली बॅटरी: ट्यूब्युलर की लिथियम?

गाडीत बिछाना झाला, ओटा झाला, छतावर सोलर पॅनल चढलं की राहून फिरण्यासाठी घरच्या घरी गाडी बांधणारा प्रत्येकजण एकाच ठिकाणी येऊन अडतो. आतल्या दिवे-पंखा-फ्रिजसाठी बॅटरी कुठली घ्यायची? घरच्या इन्व्हर्टरला असते ती उंच ट्यूब्युलर, की लिथियम? इंजिनाची बॅटरी यात धरायची नाही, तिला हातही लावायचा नाही. गाडीतल्या बदलांना आरटीओची मंजुरी, म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं प्रकरणही वेगळं. बॅटरी बदलल्याने त्यात काही सोपं होत नाही.

मी दोन्ही वापरल्या आहेत. पावणेतीन वर्षं १५० एएचची (अँपिअर-तास, बॅटरीत किती मावतं त्याचं माप) ट्यूब्युलर, आणि आता दीड वर्ष १०० एएचची लिथियम, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. गाडी तीच, जुनी ट्रॅव्हलर व्हॅन. फिरणारी माणसं तीच दोन. डब्यावर छापलेले आकडे तुम्ही वाचलेलेच असणार, ते उगाळत नाही. एवढंच लक्षात ठेवा की ट्यूब्युलर निम्म्यापर्यंतच उतरवायची असते आणि लिथियम ऐंशी-नव्वद टक्के खुशाल वापरता येते, त्यामुळे माझ्या या दोन बॅटऱ्या कामाला जवळपास सारख्याच. आमचा रोजचा खर्च साठ एएचच्या आसपास. त्यातला निम्मा फ्रिजचा, मग रात्रभरचा पंखा, आणि उरलेल्यात दिवे, फोन आणि सकाळचं खोबऱ्याचं वाटण. पाचशे वॅटचा मिक्सर बारा व्होल्टच्या बॅटरीतून पन्नास अँपिअर ओढतो, पण तीन मिनिटांचं काम. अडीच एएचमध्ये चटणी होते.

ट्यूब्युलरबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण हल्ली तिला उगाच नावं ठेवतात. ती शिसं-आम्लाची बॅटरी, आणि ही जात १८५९ मध्ये फ्रान्सच्या प्लँटेने बनवली. इतकी जुनी असल्याचा फायदा असा, की तालुक्याच्या कुठल्याही गावात तिला ओळखणारा माणूस भेटतो. चिपळूणला भेटतो, पाटणला भेटतो. मेली तरी भंगारात वजनावर पैसे देऊन जाते. आणि ती मरायच्या आधी सांगते. दिवे पिवळे पडतात, पंखा मंदावतो, इन्व्हर्टर टीं-टीं करतो. हा गुण किती मोठा आहे हे मला लिथियम आल्यावर कळलं.

ट्यूब्युलरच्या नावावर मी एक खोटा गुन्हाही घातला होता, तोही कबूल करतो. हर्णैच्या संध्याकाळच्या लिलावातून सुरमई घेतली, साफ करून फ्रिजमध्ये ठेवली, आणि पहाटे फ्रिज बंद. डब्यात कोमट पाणी. मी सरळ बॅटरीला शिव्या घातल्या. घरी येऊन मल्टिमीटर लावला तर फ्रिजपाशी बॅटरीपेक्षा जवळपास अर्धा व्होल्ट कमी! अडीच स्क्वेअर एमएमची वायर मी स्वतःच कपाटामागून वळसा घालून नेली होती, जाऊन-येऊन बारा मीटर. त्यात फ्रिजचं बॅटरी-रक्षण ‘हाय’वर, म्हणजे इंजिनाची बॅटरी सांभाळायच्या हिशेबाने लवकर बंद होणारं. सहा स्क्वेअर एमएमची वायर सरळ रेषेत टाकली, सेटिंग खाली आणलं, आणि त्याच ट्यूब्युलरवर फ्रिज पुढे दोन वर्षं चालला. तेव्हा फ्रिज पहाटे बंद पडतो म्हणून लिथियम घ्यायला निघाला असाल, तर आधी वायर तपासा. कदाचित पाच-सहाशे रुपयांत भागेल.

वजन? पंचावन्न किलोच्या आसपास, उचलायला दोघं लागतात; लिथियम मी बारा किलोची एकट्याने काखेत धरून आणली. पण बॅटरी रोज कोण उचलतो? हा मुद्दा मला तितका मोठा वाटत नाही. पाणी घालायचा मुद्दा त्याहून मोठा. बॅटरी बिछान्याखाली, आणि ट्यूब्युलर उंच, त्यामुळे पाण्याची पातळी दाखवणारा फ्लोट बघायला गादी काढा, फळी काढा, वाकून टॉर्च मारा. शिवाय चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, म्हणून बंद पेटी करून तिची हवा नळीने गाडीबाहेर काढावी लागते. ती नळी मी नंतर बसवली, आधी बसवायला हवी होती. कुंभार्ली घाट उतरताना झाकणांपाशी आम्ल झिरपायचं, आणि पेटीवर दुमडून ठेवलेली सुती चादर घरी आली तेव्हा अगदी ठीक दिसत होती. धुतल्यावर तिला चाळणीसारखी भोकं पडली. आमच्या हिने ती चादर न बोलता दोरीवर मधोमध वाळत घातली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी.

तरीही मी ट्यूब्युलर सोडली नव्हती. सोडायला लावलं ते एका तीस मीटरच्या एक्स्टेन्शन वायरने.

शिसं-आम्लाच्या बॅटरीचा स्वभाव पंगतीतल्या सुस्त पाहुण्यासारखा आहे. ऐंशी टक्क्यांपर्यंत भराभर जेवते आणि शेवटची पोळी चघळत बसते. पोट भरत येईल तसा घेणारा करंट उतरतो: वीस अँपिअर, दहा, पाच, दोन. शेवटच्या वीस टक्क्यांना पाच-सहा तास सहज जातात. मोठा चार्जर आणून उपयोग नाही. बॅटरीच घेत नाही. आणि वरचेवर अर्धपोटी ठेवली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट धरतं, क्षमता कायमची घटते. म्हणजे तिला दर दोन-तीन दिवसांनी एकदा काठोकाठ भरावंच लागतं.

आता आमचा कोकणातला दिवस बघा. सकाळी दोन तास गाडी, मग समुद्र, दुपारी माडाखाली मुक्काम. आपल्याला सावली हवी, पॅनलला ऊन हवं, हे भांडण कधी मिटत नाही. दोनशे वॅटचं पॅनल उघड्यावर दिवसाला साठ एएच देतं, झावळ्यांच्या सावलीत पंधराही मुश्किलीने. दोन तासांच्या प्रवासात इंजिनावर वीज बनवणारा अल्टरनेटर जेवढं द्यायला तयार तेवढं ट्यूब्युलर घेत नाही. मग उरतो एकच मार्ग. कुणाच्या तरी अंगणात गाडी लावायची आणि विचारायचं, “एक रात्र लाईट मिळेल का?”

२०२१ च्या राज्याच्या कॅरव्हॅन धोरणात पाणी-विजेची सोय असलेल्या कॅरव्हॅन पार्कची कल्पना आहे. आम्हाला भेटली ती अंगणं.

गुहागरला एका आजोबांना असंच विचारलं. ते म्हणाले, “मोबाईल लावायचा तर घरात लावा हो, त्याला एवढी वायर कशाला?” त्यांना सगळं समजावलं. ओटीवरच्या एकुलत्या एका सॉकेटमधून खिडकीवाटे वायर काढली, तुळशीवृंदावनाला वळसा घालून गाडीपर्यंत आणली, कुणी अडखळू नये म्हणून वर दोन चिरे ठेवले. दहाला लाईट गेली. साडेअकराला आली. पहाटे साडेपाचला आजींनी पंप लावायला आमचा प्लग काढला. त्यांचं काहीच चुकलं नाही, पाणी आधी. बॅटरी मात्र नेमकी शेवटच्या पोळीवर असताना पानावरून उठवली गेली. निघताना मी शंभराची नोट पुढे केली, तर आजोबांनी चहा पुढे केला. आणि तिसऱ्या दिवशी अंजर्ल्याला पुन्हा तोच प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मला विचारवेना. गेले दोन दिवस आम्ही मुक्काम सॉकेट बघून ठरवत होतो, हे त्या वेळी ध्यानात आलं. चार चाकांचं घर बांधायचं आणि रोज संध्याकाळी दुसऱ्याच्या दारात वायर घेऊन उभं राहायचं, याला काही अर्थ आहे का?

हा त्रास कुणाला क्षुल्लक वाटेल. माझ्या एका मित्राला आवडतो. तो म्हणतो, त्या वायरीमुळेच माणसं भेटतात. तो अजून ट्यूब्युलरवर खूश आहे.

लिथियमने हे एकच दुखणं मुळातून काढलं. ती जवळजवळ शेवटपर्यंत एकाच वेगाने घेते. अल्टरनेटरची वीज बॅटरीला हव्या त्या मापात देणारा तीस अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लावला की दोन तासांच्या प्रवासात साठ एएच, म्हणजे आमचा अख्खा दिवस. आणि पूर्ण भरली नाही तरी रुसत नाही. उलट साठ टक्क्यांवर ती जास्त सुखी. हे मला पावसाळ्यात फार उपयोगी पडलं. जून ते सप्टेंबर गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते, तिथे प्लग नाही आणि मागायची सोयही नाही. ट्यूब्युलर त्या चार महिन्यांत दर वर्षी थोडी थोडी म्हातारी व्हायची. लिथियम अर्ध्यावर ठेवून, सगळं डिस्कनेक्ट करून गेलो. गणपतीनंतर उघडली तेव्हा मीटरवर दोन-चार टक्के कमी, एवढंच.

फक्त बॅटरी बदलून मात्र भागत नाही, आणि दुकानदार नेमकं हेच सांगत नाहीत. साध्या रिलेने, म्हणजे आपोआप जोडणाऱ्या स्विचने, ती थेट अल्टरनेटरला जोडू नका. ती द्याल तेवढं ओढते, आणि माणगावच्या कोंडीत इंजिन आयडलवर, पंख्याला हवा कमी, अशा वेळी अल्टरनेटर तापून जळू शकतो. डीसी-डीसी चार्जर म्हणून हवा. बऱ्याच बीएस-६ गाड्यांत अल्टरनेटर आपलं व्होल्टेज स्वतःच खाली-वर करतो, तिथे तर त्याशिवाय बॅटरी नीट भरणारच नाही. पॅनलच्या कंट्रोलरवर लिथियमचं सेटिंग हवं, १४.२ ते १४.६ व्होल्टच्या दरम्यान. ट्यूब्युलरसाठीचं इक्वलायझेशन (मधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेजने भरणं) बंद. आणि पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरावर मोठा फ्यूज. ही बॅटरी शॉर्ट झाली तर जो करंट सोडते त्यापुढे पाना लाल होतो. मी पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळूनच काम केलं. केबल पस्तीस स्क्वेअरची, तिच्या टोकांना बसवायचे थिंबल हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून घेतलेले; क्रिम्पर ओळखीच्या वायरमनकडून एक दिवस आणला. हातोडीने ठोकलेल्या थिंबलवर पन्नास अँपिअर टाकू नका.

खर्च: ट्यूब्युलर मला १५,००० ला पडली होती. लिथियम ३२,०००, त्यावर चार्जर, मीटर, फ्यूज, केबल धरून पन्नासच्या पुढे गेलो. तुमचे भाव वेगळे असतील. सुटे सेल आणून स्वतः पॅक जोडला तर स्वस्त पडतं. मी त्या वाटेला गेलो नाही, सेल बॅलन्स करायला, म्हणजे सगळे सारख्या पातळीवर आणायला, लागणारा धीर माझ्यात नाही.

आणि लिथियमचा तो अवगुण. ती सांगत नाही. तारकर्लीला दुसऱ्याच रात्री जेवण अर्ध्यावर असताना सगळं एका क्षणात बंद: दिवे, पंखा, फ्रिज. काळोख. मी व्होल्टमीटर बघून निर्धास्त होतो, १३ दाखवत होता. या बॅटरीचं व्होल्टेज सत्तर टक्क्यांना जेवढं असतं, वीस टक्क्यांना त्याहून जेमतेम दोन-तीन दशांशाने कमी असतं, आणि मग तळाला आली की आतला बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारं सर्किट, सरळ दार लावून घेतो. फोनच्या उजेडात भात-आमटी संपवली. परत आल्यावर शंट (येणारा-जाणारा करंट मोजायची पट्टी) लावून एएच मोजणारा मीटर घेतला. तो पहिल्याच दिवशी घ्या, कंजुषी करू नका.

लडाख-स्पितीला जाणार असाल तर शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करायची नसते, आत धातूचं लिथियम साचून ती बिघडते. बीएमएसला थंडीचा कट-ऑफ आहे का हे विचारून घ्या. सह्याद्रीत ही वेळ येत नाही. उन्हाचं दोघींनाही वावडं. विदर्भात मे महिन्यात बंद गाडीत ठेवणार असाल तर इंजिनापासून लांब, जमिनीलगत ठेवा.

तर मग कुठली? वर्षातून दोन-चार सहली, मुक्काम ठरलेल्या रिसॉर्टवर, तिथे पार्किंगजवळ प्लग, असं तुमचं फिरणं असेल तर ट्यूब्युलर घ्या, पेटीला गाडीबाहेर जाणारी नळी बसवा आणि उरलेले पैसे डिझेलला ठेवा. रोज गाव बदलणारे, सावली शोधणारे, आणि मागायला संकोचणारे असाल, तर माझा कल कुठे आहे हे मी फारसं लपवलेलं नाही. पैसे आज नसतील तर निदान केबल आणि फ्यूज आजच लिथियमच्या मापाचे टाकून ठेवा, ते काम पुन्हा करायला गादी, फळ्या, कपाट सगळं काढावं लागतं.

जुनी ट्यूब्युलर मी भंगारात घातली नाही. ती गावी चुलत्यांच्या घरी इन्व्हर्टरला जोडली आहे. जागची हलत नाही, रात्रभर निवांत जेवते, दर महिन्याला काकू पाणी घालतात. परवा विचारलं तर म्हणाल्या, “बरी आहे की. तुला कशाला नकोशी झाली?”