वायएसझेडवर कॅथोड कोणता : एलएसएम की एलएससीएफ?

सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल तपासायला छोटा, नाण्यासारखा बटन सेल बनवतात. त्याचा वायएसझेड थर, म्हणजे ऑक्सिजनचे आयन वाहून नेणारा यिट्रिया मिसळलेल्या झिर्कोनियाचा इलेक्ट्रोलाइट, दाट भाजून झाला की पुढचा प्रश्न हाच : हवेच्या बाजूचा इलेक्ट्रोड, म्हणजे कॅथोड, एलएसएमचा (लँथॅनम स्ट्रॉन्शियम मँगनाइट) की एलएससीएफचा (लँथॅनम स्ट्रॉन्शियम कोबाल्ट फेराइट)? मी दोन्ही कॅथोड वापरलेत, त्यामुळे जे लिहितोय ते भट्टीशेजारी बसून बनलेलं मत आहे. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल.

कागदावर एलएससीएफ सरस, यात वाद नाही. त्यातून इलेक्ट्रॉन जातात तसे ऑक्सिजनचे आयनही जातात, म्हणून ६५० ते ७५० अंशांना तो एलएसएमला सहज मागे टाकतो. एलएसएममधून आयन जवळपास जातच नाहीत. त्यात वायएसझेडची पूड निम्म्याने मिसळली तरी ८०० च्या खाली तो सुस्तावतोच.

एलएससीएफ वापरताना मला नडला तो कॅथोड आणि वायएसझेड यांच्या मधला जीडीसीचा, म्हणजे गॅडोलिनियम मिसळलेल्या सेरियाचा, थर. एलएससीएफ थेट वायएसझेडवर भाजला तर स्ट्रॉन्शियम झिर्कोनेट तयार होतं आणि ते वाट अडवतं, म्हणून मध्ये जीडीसी छापायचा. पण खालचा वायएसझेड आधीच आक्रसून बसलेला असतो. त्याला चिकटलेल्या जीडीसीला आडवं आक्रसायला वावच मिळत नाही, आणि त्यात छिद्रं राहतात. भट्टी १३०० च्या वर न्यावी, तर दोन्ही थर एकमेकांत मुरून कमी वाहक मिश्रण होतं. खाली ठेवावी, तर कॅथोड भाजताना स्ट्रॉन्शियम त्याच छिद्रांतून वायएसझेडपर्यंत पोचतं. सेल मोडून कड मायक्रोस्कोपखाली धरली की जाळीदार जीडीसी दिसतो आणि त्याच्या तळाशी ती नको असलेली पातळ रेघ.

खरा वैताग चाचणीत. हायड्रोजनवर ओपन सर्किट व्होल्टेज (प्रवाह न घेता मोजलेलं) १.१ व्होल्टच्या आसपास, म्हणजे गळती नाही. तरी इम्पीडन्सच्या (वेगवेगळ्या वारंवारतांना मोजलेल्या रोधाच्या) आलेखात डावीकडचा छेद, जो थरांचा रोध दाखवतो, तो आणखी उजवीकडे सरकलेला, म्हणजे रोध वाढलेला. हा रोध इलेक्ट्रोलाइटचा की जीडीसीचा? कळायला मार्ग नाही. आणि मुळात तपासायचा होता तो इलेक्ट्रोलाइटच!

एलएसएममध्ये हा घोळ नाही. ११०० ते ११५० ला भाजला की झालं. फार वर गेलात तर लँथॅनम झिर्कोनेट बनतं, एवढंच सांभाळायचं.

तुमच्याकडे स्पटरिंगची (निर्वात कक्षात पातळ थर बसवण्याची) सोय असेल तर जीडीसी कमी तापमानालाही दाट बसवता येतो, मग माझी तक्रार बरीचशी गळून पडते. ६५० अंशांवरच काम करायचं असेल तर एलएसएमचा विचारही नको. स्क्रीन प्रिंटिंग आणि साधी भट्टी एवढ्यावर ८०० ला मोजायचं असेल, तर मी एलएसएमकडे झुकेन. फक्त सुरुवातीचे आकडे लगेच वहीत उतरवू नका. थोडा वेळ प्रवाह चालू ठेवला की हा कॅथोड सुधारतो.