लँडलाईन न घेता घरी फायबर नेट, प्रियोळचा अनुभव

आमचं घर गोव्यात प्रियोळला, रस्त्यापासून आत कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या कडेला. इतकी वर्षं घरी नेट पाहिजे म्हटलं की आधी फोन घ्या हेच ऐकत आलो, आणि तेव्हा ते खरंही होतं, कारण जुनं ब्रॉडबँड टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरूनच यायचं आणि एक्सचेंजपासून घर जेवढं लांब तेवढा स्पीड कमी. पाऊस लागला की जॉइंटमध्ये पाणी शिरायचं, फोनवर खरखर आणि मोडेमचा दिवा नुसता लुकलुकत. मुलगी घरून काम करते, मीटिंगमध्ये तिचा आवाज तुटायचा कारण अपलोड एक एमबीपीएसपण नव्हता. शेवटी फोन सरेंडर केला आणि गावातल्या केबलवाल्याकडून फायबर घेतलं. नंबर नाही, फोनचा डबा नाही, फक्त नेट. फोन हवाच असेल तर तो पण फायबरवरून चालतो, ओएनटी, म्हणजे फायबर घरात येऊन जिथे लागतं ते छोटं यंत्र, त्याच्या मागे फोनचं पोर्ट असतं, पण कोणी घ्याच म्हणून मागे लागलं नाही.

जोडायला दोन मुलगे आले. खांबावरच्या बॉक्समधून वायर माडांवरून ओढत पडवीपर्यंत आणली आणि मग ते स्प्लायसिंग, म्हणजे फायबरची दोन टोकं जोडणं, ते मात्र बघण्यासारखं. वरचं कव्हर सोलून केसाएवढी काच बाहेर काढली, स्पिरीटने पुसली, कटरने टोक सरळ कापलं आणि मशीनमध्ये समोरासमोर ठेवलं. छोट्या स्क्रीनवर दोन टोकं हळूहळू जवळ येतात, ठिणगी पडते आणि एक होतात. बाबा खुर्ची ओढून शेवटपर्यंत बघत बसले होते.

प्लॅन १०० एमबीपीएसचा, महिन्याला ५९९, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सातशेच्या थोडं वर. अपलोडपण तेवढाच मिळतो आणि आमच्यासाठी तेच सगळ्यात मोठं. दुपारी ९५ च्या आसपास येतो, रात्री ७०-८० वर उतरतो कारण एकाच लाईनवर बरीच घरं वाटून घेतात, पण मुलीची मीटिंग एकदाही तुटली नाही.

आता त्रास. आमच्या चिऱ्याच्या भिंती जाड, हॉलमधल्या राऊटरचा ५ गिगाहर्ट्झचा वायफाय स्वयंपाकघरात पोचतच नाही, २.४ पोचतो पण हळू. शेवटी लॅन वायर टाकून मागच्या खोलीत दुसरा राऊटर बसवला, तो खर्च वेगळा. लाईट गेली की नेटपण जातं, त्यासाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्याच, ओएनटी आणि राऊटर आरामात चालतात. आणखी एक, पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर थेट पोचायचा पत्ता, मिळत नाही, म्हणून जुना सीसीटीव्ही बाहेरून दिसायचा बंद झाला. ज्यांना असा पत्ता लागतो त्यांनी आधीच विचारा, स्टॅटिक आयपीचे, म्हणजे न बदलणाऱ्या पत्त्याचे पैसे वेगळे घेतात.

जुलैत माडाचं मोठं चुडत पडून वायर तुटली, ओएनटीवर लाल दिवा, शनिवारी संध्याकाळी फोन केला तर माणूस सोमवारी आला. दोन दिवस मुलीने मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काढले, त्याचा मला खूप राग आला, कारण रविवारी फोनसुद्धा कोणी उचलत नव्हतं. एक स्टार त्याचाच कापतोय. जोडून गेल्यावर नेट मधेच अडकायला लागलं म्हणून परत बोलावला आणि मीटर लावायला सांगितलं. पहिल्या दिवशी वायरमधून येणारा उजेड -१९ डीबीएम होता, आता -२६ (आकडा शून्यापासून जेवढा खाली तेवढा उजेड कमी). -२७ च्या खाली गेलं की ओएनटी धरत नाही, म्हणजे अगदी काठावर. जॉइंट परत मारून घेतला, -२० आला, तेव्हापासून ठीक. तुमच्याकडे जोडतील तेव्हा हा आकडा त्यांच्यासमोर मीटरवर बघा, फोटो काढून ठेवा आणि मगच पैसे द्या.