"सिरम" म्हणून माझ्या मांजरीला कुत्र्याचं गोचिडाचं औषध लावलं, घरी ग्रूमर बोलावणाऱ्यांनी प्लीज वाचा

हे लिहायला तीन आठवडे लागले कारण आधी नीट शब्दच सुचत नव्हते. चिंगी आता बरी आहे, हे आधीच सांगते म्हणजे वाचताना तुमचा जीव टांगणीला लागायला नको.

चिंगी लांब केसांची आहे. मध्ये मला दीड-दोन महिने ऑफिसमुळे रोज विंचरायला जमलं नाही आणि तिच्या काखेत आणि पोटाखाली जटा झाल्या, अगदी नमद्यासारख्या घट्ट, हात लावला की ती गुरगुरायची. मी ऑनलाईन शोधलं तर घरी येऊन ग्रूमिंग करून देणारा एक माणूस सापडला. पेजवर छान छान फोटो, खाली भरपूर चांगले रिव्ह्यू. नंतर शांतपणे बघितलं तेव्हा कळलं की त्यातल्या बऱ्याच रिव्ह्यूंची वाक्यं शब्दशः सारखी होती आणि एकच पांढरं मांजर तीन वेगवेगळ्या लोकांचं म्हणून लावलेलं होतं. तेव्हा हे बघायला पाहिजे होतं, नाही बघितलं.

फोनवर बोलताना त्याने मला आधी घाबरवलं. मांजरीला दर आठवड्याला आंघोळ घातलीच पाहिजे मॅडम, नाहीतर स्किन इन्फेक्शन होतं, लांब केसांच्या मांजरींना तर होतंच होतं. म्हणून सहा आंघोळींचं पॅकेज घ्या, पैसे आधी. मी भरले. हे साफ खोटं आहे. मांजर जागं असतं त्यातला बराच वेळ स्वतःला चाटून साफ करण्यातच घालवतं, छोट्या केसांच्या निरोगी मांजरीला तर आंघोळीची क्वचितच गरज पडते, आणि सारखी सारखी आंघोळ घातली तर कातडीवरचं नैसर्गिक तेल निघून जाऊन उलट खाज आणि कोंडा सुरू होतो. लांब केसांना रोजचा कंगवा लागतो, दर आठवड्याचा शाम्पू नाही. हे मला आमच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पैसे भरायच्या आधी त्यांना एक फोन केला असता तर पुढचं काहीच झालं नसतं.

तो आला, बोलायला एकदम गोड. बाथरूममध्ये गेला आणि म्हणाला मॅडम तुम्ही बाहेर थांबा, मालक समोर असला की मांजर जास्त नाटक करतं. मला ते पटलं आणि मी दाराबाहेर उभी राहिले, आतून तिचं ते खोल घशातून येणारं ओरडणं ऐकत. मधूनच ते बंद झालं, मला वाटलं चला शांत झाली. बाहेर आणली तेव्हा जटा तशाच होत्या, फक्त ओल्या होऊन अजून आवळल्या होत्या. त्याला विचारलं तर म्हणे पुढच्या वेळी काढू, आज तिला सवय करून देतोय. मग त्याने एका छोट्या बाटलीतून काहीतरी काढून मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवर चोळलं. हर्बल सिरम आहे, केस मऊ राहतात, धुवायचं नाही, आणि ही बाटली पॅकेजमध्येच आहे, दर चार दिवसांनी तुम्हीच लावा. बाटली ठेवून गेला.

संध्याकाळी चिंगी पलंगाखालून बाहेरच येईना. मी म्हटलं आंघोळीचा राग असेल. रात्री टॉर्च मारून बघितलं तर तिचा एक कान थरथरत होता, माशी बसल्यावर झटकतात तसा, पण थांबतच नव्हता. मग पाठीची कातडी लाटेसारखी हलायला लागली, तोंडातून लाळ, उभी केली तर मागचे पाय लडखडत होते. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. नवऱ्याने गाडी काढली, मी तिला टॉवेलमध्ये घेतली आणि का कुणास ठाऊक ती बाटलीपण पर्समध्ये टाकली. ते टाकलं हे फार बरं झालं.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, हिला काय लावलंत? मी बाटली दिली. बाथरूमच्या ओलीने तिच्यावरचं हिरव्या पानांचं लेबल एका कोपऱ्यात सुटलं होतं, त्यांनी नखाने ते हळूच सोललं आणि खाली दुसरं लेबल निघालं. त्यावर कुत्र्याचं डोकं, बारीक अक्षरात परमेथ्रिन (कुत्र्याच्या गोचिडांवरचं औषध), आणि त्याच्या बाजूला मांजराचं चित्र, त्यावर लाल फुली. म्हणजे मूळ कंपनीने स्पष्ट छापलंय की मांजरीला लावू नका, आणि या माणसाने त्याच्यावर पानंफुलं चिकटवून ते माझ्या मांजरीच्या पाठीवर चोळलं.

डॉक्टरांनी समजावलं की कुत्र्यांच्या आणि आपल्या लिव्हरमध्ये असलं औषध मोडून बाहेर टाकायची जी सोय असते ती मांजरीत फार कमी असते, त्यामुळे कुत्र्याला चालणारा डोस मांजरीच्या नसांवर जातो, आधी थरथर आणि मग फिट्स. त्यात मांजर अंग चाटतं, म्हणजे कातडीतूनही जातं आणि पोटातूनही. याच्यावर उतारा असं एक औषध नाही. त्यांनी आधी तिला कोमट पाण्यात साध्या भांड्यांच्या लिक्विडने धुतलं, कारण ते औषध तेलकट असतं, नुसत्या पाण्याने निघत नाही. पाणी गरम नको कारण औषध जास्त आत शोषलं जातं, गार पण नको कारण अंग थंड पडलं की थरथर वाढते. मग सलाईन आणि स्नायू सैल करायचं इंजेक्शन. दोन रात्री ती तिथेच होती. तिसऱ्या दिवशी मी हाक मारली तेव्हा तिने मान वर केली, मी तिथेच रडायला लागले.

त्या माणसाला फोन केला तर चोराच्या उलट्या बोंबा. तुमच्या मांजरीला आधीपासूनच फिटचा आजार असणार, मी शेकडो मांजरींना हेच लावतो. हे वाक्य ऐकून मला जास्त भीती वाटली, म्हणजे अजून किती घरांत ती बाटली पडून आहे? मग त्याने मला ब्लॉक केलं आणि माझा रिव्ह्यू उडवला. डॉक्टरांचा रिपोर्ट, बाटली, पेमेंटचा स्क्रीनशॉट सगळं लावून मी ग्राहक तक्रार आणि पोलीस तक्रार दोन्ही केलंय. बाटली झिपच्या पिशवीत बंद आहे, दोन्ही लेबलांसकट.

जटा डॉक्टरांकडेच मशीनने काढून घेतल्या. घरी कात्री अजिबात लावू नका, मांजरीची कातडी पातळ असते आणि जटेबरोबर वर ओढली जाते, कधी कापली ते कळतही नाही. आता मी रोज पाच मिनिटं विंचरते, केसांचं मूळ एका हाताने धरून, म्हणजे कातडी ओढली जात नाही. आंघोळ लागलीच तर आधी गुंता सोडवायचा मग पाणी, टबच्या तळाला जुना टॉवेल म्हणजे पाय घसरत नाहीत, कानात पाणी नाही, तोंड फक्त ओल्या फडक्याने पुसायचं, आणि मांजरीसाठीचाच शाम्पू, आपला नाही कुत्र्याचा नाही. टी ट्री ऑइल असलेलं काही तर बिलकुल नको, नैसर्गिक असलं तरी मांजरीला ते विषारी आहे.

कोणाला घरी बोलावणारच असाल तर बाथरूमचं दार उघडं ठेवा, आणि बाटली स्वतःच्या हातात घेऊन लेबल नखाने खरवडून बघा. लेबलच नसेल तर त्याला तिथेच थांबवा. आणि गेल्या एक-दोन दिवसांत कोणी तुमच्या मांजरीला असलं "सिरम" लावून गेलं असेल तर आत्ता उठून तिचे कान बघा, थरथरत असतील तर सकाळची वाट बघू नका, बाटली घ्या आणि निघा.