अँकी : नवी फौजदारी कलमं तोंडात बसवण्यासाठी

१ जुलै २०२४ ला जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि फौजदारी वकिलांच्या जिभेवर वर्षानुवर्षं बसलेले आकडे एका रात्रीत जुने झाले. फसवणुकीचं ४२० आता ३१८(४), खुनाचं ३०२ आता १०३(१). नवं लक्षात राहत नाही यापेक्षा जुनं आडवं येतं, हा मोठा त्रास आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि ते अंगभूत अधिकार गेले ५२८ मध्ये. १४४ म्हटलं की अजून जमावबंदीच आठवते, पण आता ते पोटगीचं कलम आहे. जमावबंदी १६३ मध्ये आहे.

जुन्या-नव्या कलमांचा तुलनात्मक तक्ता प्रत्येकाच्या बॅगेत असतो. पण तक्ता वाचताना सगळं येतंय असं वाटतं आणि कोर्टात उभं राहिल्यावर जुनाच आकडा निघतो. अँकी हे कार्डांवरून उजळणी करून घेणारं ॲप आहे. ते तक्ता दाखवत नाही, प्रश्न विचारतं. कार्डाच्या पुढच्या बाजूला प्रश्न, मागे उत्तर. आठवलं तर ते कार्ड काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी, मग महिन्यांनी परत येतं. विसरलात तर लगेच. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते फुकट आहे, आयफोनवर मात्र विकत घ्यावं लागतं.

कार्डं स्वतः बनवा. दुसऱ्याचा तयार संच उतरवून घेतला की न समजलेली वाक्यं घोकत बसावं लागतं. एका कार्डात एकच गोष्ट असावी. ‘साक्ष अधिनियमाच्या ६३(४) च्या प्रमाणपत्राची माहिती द्या’ (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं प्रमाणपत्र) हे वाईट कार्ड, कारण अर्धं आठवलं तर बटण कोणतं दाबायचं? त्याची तीन करा : भाग ‘अ’ कोण भरतो (पक्षकार), भाग ‘ब’ कोण भरतो (तज्ज्ञ), आणि फाइल तीच आहे हे कशावरून ठरतं (हॅश मूल्य, म्हणजे फाइलवरून काढलेला ओळख-आकडा). कलमांच्या जोड्यांसाठी उलट-सुलट दोन्ही बाजूंनी विचारणारा कार्डप्रकार निवडा. १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांना जुनी दंड संहिताच लागते, त्यामुळे दोन्ही आकडे लागणारच आहेत. आणि प्रश्नात कायद्याचं नाव हवंच. नुसतं ‘४८२ काय?’ विचारलंत तर दोन्ही उत्तरं बरोबर ठरतात.

उत्तरानंतर चार बटणं येतात : पुन्हा, कठीण, ठीक, सोपं. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. उत्तर चुकलं असताना मन राखायला ‘कठीण’ दाबलं, तर ॲप ते आठवलं असंच धरतं आणि कार्ड लांब ढकलतं. चुकलं की ‘पुन्हा’, दुसरं काही नाही.

सेटिंग्जची पानं पाहून नवखा माणूस घाबरतो. मांडणी खरंच रूक्ष आहे. पण बदलायचं थोडंच आहे. रोजची नवी कार्डं मुळात २० असतात, ती ५ करा. चालू वकिली सांभाळून २० झेपत नाहीत, कारण आजचं नवं कार्ड पुढचे कित्येक दिवस उजळणीत येत राहतं. पाचाच्या वेगानेही दोन महिन्यांत ३०० होतात. ‘एफएसआरएस’ (कार्ड पुन्हा कधी दाखवायचं हे ठरवणारी पद्धत) चालू करा आणि अपेक्षित स्मरण, म्हणजे उजळणीत किती कार्डं आठवावीत याचं प्रमाण, ०.९० च ठेवा. ते ०.९७ केलं की रोजची उजळणी कित्येक पटींनी फुगते. आठ वेळा विसरलेल्या कार्डाला ॲप ‘लीच’, म्हणजे जळू, अशी खूण करतं. ते घोटत बसू नका, फोडून नव्याने लिहा.

एक धोका लक्षात ठेवा. फोन आणि संगणक जुळवताना कधी ‘अपलोड की डाउनलोड’ असं विचारलं जातं. चुकीचं निवडलं तर एका बाजूची सगळी कार्डं पुसली जातात, म्हणून आधी संपूर्ण संच एक्स्पोर्ट करून ठेवा.

मोठ्या सुट्टीनंतर उजळणीचा ढीग साचलेला असेल, तर नवी कार्डं शून्यावर आणा, रोज २० मिनिटं तेवढाच ढीग उपसा आणि तो संपल्यावर पुन्हा पाचावर या.